दुखायचे राहिले

१ डिसेंबर २०२५, सोमवार

टॅब आले. सहा आहेत, पत्र्याच्या कपाटात आरामात मावतात. धनंजय सरांनी पोच दिली, सही केली आणि निवडणुकीच्या कामाला सेलूला निघून गेले. ते मुख्याध्यापक, मी शिक्षण सेवक. पहिली ते पाचवी, एकतीस मुलं, आणि शाळेत आम्ही दोघंच. त्यातले सर महिन्यातले निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या कामावर. जाताना म्हणाले, "तुमी नव्या पिढीच्या, मॅडम. हे तुमीच पाहा."

यात 'सकाळची गोष्ट' म्हणून एक भाग आहे. मुलानं सकाळी टॅबसमोर उभं राहून मिनिटभर बोलायचं. काल काय केलं, आज कसं वाटतंय. टॅब ते ऐकतो, मुलाला "छान! शाब्बास!" म्हणतो, आणि माझ्यासाठी एका ओळीत लिहून ठेवतो. नावापुढे ठिपका येतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, तांबडा म्हणजे लगेच बघा.

हजेरीच्या वेळी मी एकेकाला विचारायचे, "काय रे, कसं काय?" चाळीस मिनिटं जायची. खरं सांगायचं तर शेवटच्या दहा मुलांचं मी ऐकत नसे. नुसती मान हलवायचे.

४ डिसेंबर, गुरुवार

चार दिवसांत मुलं सरावली. रांग लावतात, आपापल्या पाळीला बोलतात. वीस मिनिटांत सगळं आटपतं आणि मी तोवर पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला बसवते.

मला सगळ्यात आवडलं ते टॅबचं मराठी. सांगोल्याहून इकडे वर्धा जिल्ह्यात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात एका मुलानं सांगितलं, "सर येऊन राह्यले." मला वाटलं, सर येऊन कुठं तरी मुक्कामाला राहिले. म्हणून मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं नाही, आणि ते तर फाटकातून आत येत होते! इथं सगळं असंच. जेवून राह्यलो, खेळून राह्यली, पाऊस येऊन राह्यला. आता चौदा महिन्यांत कानाला सवय झालीय, पण वहीत मुलं तसंच लिहितात आणि मी लाल पेनानं खोडत बसते. टॅब मात्र बोललेलं आपोआप शुद्ध करून लिहितो. मले, तुले काही नाही. वाचायला किती सोपं.

१६ डिसेंबर, मंगळवार

केंद्रप्रमुख गजेंद्र सर येऊन गेले. ते मूळचे आर्वीचे, बोलणं मोकळं, पण शेरेबुकात भाषा एकदम सरकारी. पडद्यावर एकतीस नावं आणि एकतीस ठिपके पाहून खूष झाले. "केंद्रात तुमची शाळा पहिली, मॅडम. सतरा जानेवारीले वर्ध्यात कार्यशाळा हाय, तिथं तुमी सादरीकरण करा."

घरी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "कायम होशील ना मग लवकर?" तसं काही नसतं म्हणून सांगितलं, पण मलाही बरं वाटलं.

यशोदाबाईंना मात्र टॅबचं कौतुक नाही. त्या शाळेची खिचडी शिजवतात, वीस वर्षं झाली. आज भांडी घासता घासता म्हणाल्या, "पोट्टे आता तुमच्याशी कमी बोलून राह्यले मॅडम."

मी म्हटलं, "बोलतात की. रोज बोलतात. सगळं नोंदलेलं आहे."

"हो का," म्हणाल्या आणि पातेलं उपडं घातलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

वर्गात मधेच उठून सांगायला येण्याची सवय मोडायला हवी होती, ती मोडली. कोणी आलं की मी एकच विचारते, "टॅबला सांगितलंस ना?" सांगितलं असेल तर झालं. नसेल तर उद्या सकाळी सांग. आठवडाभर कुरकुर झाली, आता शांत आहे. चौथी-पाचवीचा भागाकार पहिल्यांदा सलग पाऊण तास घेता आला.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

थंडी फार. शेकोटीपाशी मुलं उभी करून परिपाठ घेतला. एकतीसपैकी एकोणतीस हजर. सगळे हिरवे. पाचवीतल्या रीना मडावीच्या नावापुढे लिहून आलं: काल संध्याकाळपासून पोट दुखायचे राहिले. म्हणजे आधी दुखत असणार. थांबलं ते बरं झालं.

सादरीकरणासाठी अठरा पानं करायची आहेत. सात झाली.

९ जानेवारी, शुक्रवार

रीनाचं आजही तेच: पोट दुखायचेच राहिले. हिरवा ठिपका.

पोरगी हुशार आहे. पाढे एकोणतीसपर्यंत पाठ, वाचन स्वच्छ. तिची आजी घरात गोंडी बोलते, आई आणि बाप वऱ्हाडी, शाळेत मी बोलते ती पुस्तकातली मराठी. तीन भाषा सांभाळणारी अकरा वर्षांची मुलगी. सादरीकरणात एका मुलाची महिनाभराची नोंद दाखवायची आहे. रीनाचीच घेते.

१२ जानेवारी, सोमवार

रीना वर्गात वाकून बसते. दोनदा "ताठ बस" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बसली, मग परत तशीच. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम..."

"टॅबला सांगितलंस ना सकाळी?"

"हो."

"मग झालं. जा, गणितं पूर्ण कर."

गेली. नियम सगळ्यांना एकच असायला हवा, हुशार मुलीला वेगळा आणि बाकीच्यांना वेगळा असं चालणार नाही. तरी टॅब उघडून पाहिलं. पोट दुखायचे राहिले. रोज रोज तेच सांगते, म्हणजे मधूनमधून दुखत असावं आणि थांबत असावं. वय पाहता माझ्या लक्षात आलं. गावातल्या आशा कार्यकर्तीला निरोप दिला की पाचवीच्या मुलींना एकदा समजावून सांगा, पॅडही घेऊन या. लाजून बोलत नसेल बिचारी.

१३ जानेवारी, मंगळवार

यशोदाबाई म्हणाल्या, "रीना जेवून नाई राह्यली मॅडम. दोन दिवस झाले, ताट तसंच ठेवते."

मी टॅब दाखवला. "हे बघा, मळमळायचे राहिले. आजचंच आहे."

त्यांनी पदराला हात पुसून पडद्याकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नाही. "हिरवं म्हंजे चांगलं?"

"चांगलं."

"बरं मंग," म्हणाल्या. पण खिचडी वाढताना रीनाशेजारी बराच वेळ बसल्या होत्या.

उद्या संक्रांतीची सुट्टी. बारा पानं झाली. अजून सहा.

१६ जानेवारी, शुक्रवार

उद्या वर्धा. हिंगणीहून सकाळी सातची बस.

रीना आज परिपाठाला भिंतीला टेकून उभी होती. टॅबचं लिहिणं जरा विचित्र: ताप भरायचा राहिला. कधी कधी टॅब असं काहीतरी लिहितो. कपाळाला हात लावून बघावा असं मनात आलं, तेवढ्यात गजेंद्र सरांचा फोन आला की पानांची फाईल आजच पाठवा, प्रोजेक्टरवर उघडून पाहायची आहे. पाठवेपर्यंत शाळा सुटली होती.

१७ जानेवारी, शनिवार

बसमध्ये लिहिलं होतं ते फाडलं. घरी आल्यावर सरळ लिहिते आहे.

सादरीकरण चांगलं झालं. टाळ्या पडल्या. रीनाची नोंद पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवली आणि म्हटलं, बघा, या मुलीच्या पोटाच्या तक्रारीचा कसा रोजच्या रोज मागोवा घेता आला.

चहाच्या वेळी समुद्रपूरचे एक शिक्षक जवळ आले. रूपराव सर, निवृत्तीला आलेले, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या. म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? ते पोरगी खरंच 'दुखायचं राहिलं' म्हणाली?"

"टॅबनं तसं लिहिलंय."

"आमच्या इकडं कोणी असं म्हणत नाई हो. दुखणं थांबलं तं पोट्टे म्हणतात 'आता नाई दुखत', नाई तं 'बंद झालं'." कपातला चहा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "ते 'दुखून राह्यलं' तं नसन म्हणाली?"

मी म्हटलं, आवाज असेल यात. रूपराव सर म्हणाले, "मंग ऐका नं."

टॅब माझ्या पिशवीतच होता. तिथं ऐकला नाही. बक्षिसाचं पाकीट घ्यायला नाव पुकारलं होतं. तीनच्या परतीच्या बसमध्ये कानाला लावून ऐकला.

आठ तारीख. "मॅडम, पोट दुखून राह्यलं. काल सांजच्यापासून." आणि लगेच टॅबचा बाईचा आवाज: छान! शाब्बास!

सात दिवसांचे सातही ऐकले. मग यशोदाबाईंना फोन लावला.

"रीनाले सकाळीच सेवाग्रामले नेलं मॅडम. गाडी करून. पोट फुगलं होतं तिचं."

१८ जानेवारी, रविवार

दवाखान्यात गेले. पोटात अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं. आत सोडत नाहीत. रीनाची आई सखूबाई बाहेर फरशीवर बसली होती. बाप जाळरेषेच्या, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून पट्टे काढायच्या कामावरून, अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता. तो बोरच्या जंगलात वनविभागाच्या मजुरीवर असतो, गेले पंधरा दिवस तिकडेच होता.

मला पाहून सखूबाई उठून उभी राहिली. आदरानं. मी काही सांगणार होते, पण ती म्हणाली, "तुमी कायले आल्या मॅडम एवढ्या लांब?" बिस्किटांचा पुडा दिला आणि आले.

२० जानेवारी, मंगळवार

रीना गेली. सकाळी सव्वाअकराला.

धनंजय सर शाळेत होते. त्यांनी मुलांना पटांगणात उभं केलं, दोन मिनिटं शांत. मग सोडून दिलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

सातही वाक्यं उतरवून काढली आहेत, ऐकली तशीच, खोडाखोड न करता.

८: मॅडम, पोट दुखून राह्यलं. काल सांजच्यापासून.
९: दुखूनच राह्यलं. उजव्या अंगाले.
१०: दुखून राह्यलं मॅडम. झोप नाई लागली.
१२: माय म्हने मॅडमले सांगजो, त्यायले समजते. दुखून राह्यलं.
१३: मळमळून राह्यलं. जेवन नाई जाऊन राह्यलं.
१५: मी तिळगूळ नाई खाल्ला. लय दुखून राह्यलं.
१६: ताप भरून राह्यला. मॅडम, तुमी ऐकता नं?

प्रत्येकानंतर "छान! शाब्बास!"

बारा तारखेला ती टेबलापाशी आली होती. मी वर पाहिलं नव्हतं. पेनचं टोपण लावत होते, एवढं आठवतं.

२८ जानेवारी, बुधवार

गजेंद्र सर चौकशीला आले. खुर्ची ओढून घेतली, टॅब पाहिला, नोंदी वाचल्या आणि मोठा श्वास सोडला.

"मॅडम, रेकॉर्डले काई प्रॉब्लेम नाई. सातही दिवस तक्रार थांबल्याचं लिहिलं हाय, ठिपका हिरवा. तुमच्यावर काई येत नाई. इथं सही करा."

मी त्यांना माझा कागद दिला. त्यात सातही वाक्यं होती आणि खाली लिहिलं होतं: मुलीने सात दिवस सांगितले. मी ऐकले नाही.

त्यांनी दोनदा वाचला. "काऊन जिवावर घेऊन राह्यल्या मॅडम? सेवक हाय तुमी अजून. एक शेरा आणि घरी."

"सर, तुम्ही आर्वीचे. 'दुखून राह्यलं' म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग एकदम शेरेबुकाच्या भाषेत आले. "अहवालात बोलीभाषा चालत नाही. प्रमाण मराठीत लिहून द्यावे." कागद मला परत दिला.

वर्ग सुटल्यावर बसले लिहायला. प्रमाण मराठीत ते 'पोट दुखत आहे' असं होतं. लिहिलं. मग खाली तिचे शब्दही तसेच्या तसे परत लिहिले, आणि लिफाफा बंद करून धनंजय सरांच्या हाती दिला. सर म्हणाले, "विचार केला नं?" मी हो म्हटलं. खरं म्हणजे केला नव्हता. केला असता तर कदाचित दिला नसता.

१ फेब्रुवारी, रविवार

आज सखूबाईकडे गेले. कागद वर जाण्याआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. कालच जायचं होतं, पण काल गेले नाही.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. धाकटी स्वीटी, आमच्या पहिलीतली, शेजारी बसून रिकामी टरफलं एकात एक घालत होती. सखूबाईनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं.

मी सांगितलं. टॅब काय करतो, काय लिहिलं, काय समजले.

ती ऐकत राहिली. हात चालूच होते. मग म्हणाली, "म्हंजे पोरीनं तुमाले सांगतलंच नाई?"

"सांगितलं. सात दिवस सांगितलं. मी ते वाचलं, आणि..."

"वाचलं?" तिनं हात थांबवला. "पोरगी तं बोलत होती नं?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी इचारलं तिले रोज," ती म्हणाली. "सांगतलं का मॅडमले? हो म्हने. काय म्हनल्या मॅडम? तं म्हने, छान म्हनल्या, शाब्बास म्हनल्या. मले वाटलं, भेवाचं काई नसन. कापूस येचाचा होता, रोज बुडाला असता. म्हनलं, मॅडम शिकलेल्या हायत. असन काई तं सांगतीन." शेंगा ठेवलेलं सूप तिनं बाजूला सरकवलं. "आवाज हाय म्हनता नं तिचा? लावा."

फोनवर उतरवून घेतला होता. मी विचारलं, आत्ता? स्वीटीसमोर?

"लावा."

आठचा लावला. नऊचा. सखूबाई जमिनीकडे पाहत होती. "छान! शाब्बास!" आलं की प्रत्येक वेळी तिची मान किंचित वर व्हायची, कोणी हाक मारल्यासारखी. बाराचा लागला. माय म्हने मॅडमले सांगजो, त्यायले समजते.

"बंद करा."

बंद केला. शेजारच्या घरात कोणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला.

"मीच म्हनलं होतं तिले," सखूबाई म्हणाली. "ते तं लाजत होती. नाई म्हने, मॅडम रागावतीन, मधात बोलू नाई. मीच धाडलं."

मी म्हटलं की मी सगळं लिहून दिलं आहे. माझी नोकरी बहुधा जाईल.

"तुमची नोकरी गेल्यानं मले काय?" तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होती, जणू मी तिला काहीतरी देऊ केलं आहे आणि ते कशासाठी ते तिला कळत नाही. थोड्या वेळानं स्वीटीच्या डोक्यावरचं टरफल झटकून म्हणाली, "हे येईन उद्यापासून शाळेत. बाप म्हनते नको धाडू, पन मी धाडतो. शिकवा तिले. लिहाले, वाचाले शिकवा."

"हो."

"पन काई दुखलं-खुपलं तं मॅडमले सांगजो, असं आता मी तिले म्हनत नाई."

तिनं सूप परत मांडीवर ओढलं. मी उठले. ती उठली नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलं. हजेरी तोंडी घेतली, एकेकाजवळ जाऊन. मुलं गोंधळली. बरीच जण माझ्याकडे न बघता कपाटाकडे बघून उत्तर देत होती.

स्वीटी आली होती. तिच्यापुढे खाली बसले, विचारलं, कशी आहेस.

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "छान."